जिप्सीचे मागचे पाटे काढून फोर-लिंक बसवतोय: मापं तपासून द्या

घाटवाट१४

मंडळी, गाडी मारुती जिप्सी एमजी४१३डब्ल्यू, व्हीलबेस २३७५ मिमी, टायर ३१×१०.५ आर१५. ही फक्त ट्रेल आणि स्पर्धेसाठी आहे, जागेवर ट्रकने नेतो. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून कॉइल स्प्रिंगसह फोर-लिंक, म्हणजे मागचं हाऊसिंग (अ‍ॅक्सलचं कवच) चासीला चार दांड्यांनी धरणारी रचना, करायचं ठरवलंय. खालच्या दोन लिंक सरळ, वरच्या दोन तिरक्या आणि गोळ्याच्या (डिफरन्शियलच्या) डोक्यावर एकत्र येणाऱ्या. पॅनहार्ड रॉड (हाऊसिंग आडवं धरणारा दांडा) नको आहे.

कागदावरची मापं अशी (मिमीमध्ये, उंची जमिनीपासून, गाडी सपाट उभी असताना): हाऊसिंगचा मध्य ३७५. खालची लिंक हाऊसिंगपाशी ३३०, चासीपाशी ४२०, पुढे-मागे अंतर ८५०. वरची लिंक ६५० लांब. फ्लोअर आड येतो म्हणून हाऊसिंगवर वरच्या-खालच्या लिंकमध्ये १२५ मिमीच अंतर ठेवलंय.

विचारायचं असं: १२५ चालेल का? अँटी-स्क्वॉट (गॅस दिल्यावर मागची बाजू बसणं लिंक किती टक्के रोखतात) किती ठेवू? पाइप कुठला घेऊ? आणि आठही टोकांना रॉड एंड (गोळीवर फिरणारे धातूचे जॉइंट) लावले तर काय बिघडेल?

लोखंडी_गणित

१२५ नको. सगळ्यात आधी हेच बदला, बाकीचं नंतर.

पाटे असतात तोवर हाऊसिंगला पुढे-मागे धरणं, आडवं धरणं आणि पिनियनचा (शाफ्टचा जोर गोळ्यात नेणाऱ्या दातेरी दांड्याचा) पीळ सोसणं ही तिन्ही कामं पाटेच करतात. ते गेले की सगळा पीळ वरच्या आणि खालच्या लिंकमधल्या उभ्या अंतरावर येतो. टायर जमिनीला ढकलतो ते बल फ असं धरा. वरच्या लिंकच्या बिंदूभोवती मोमेंट घ्या: तो बिंदू ४५५ वर आणि अंतर १२५ असेल, तर खालच्या जोडीवर ४५५ भागिले १२५, म्हणजे ३.६४ फ इतका दाब येतो आणि वरच्या जोडीवर २.६४ फ इतकी ओढ. तेच अंतर २०० केलं, वरचा बिंदू ५३० वर गेला, की खाली २.६५ फ आणि वर १.६५ फ. मागच्या चाकांवर ७०० किलो आहेत आणि खडकावर पकड पूर्ण मिळतेय असं धरलं, तर खालच्या एका लिंकवर १२७५ किलोऐवजी सुमारे ९३० किलो येतात. फरक ७५ मिमी उंचीचा आहे, पण बुश, बोल्ट, ब्रॅकेट सगळ्यांचं आयुष्य त्यावर ठरतं. ब्रेक मारताना हीच बलं उलट दिशेने येतात, म्हणून ब्रॅकेट दर वेळी दोन्हीकडून हलतं आणि वेल्डच्या कडेला चीर जाते.

टायरच्या व्यासाच्या पाव भागाइतकं अंतर हाऊसिंगवर ठेवायचं, असा ढोबळ नियम आहे. ३१ इंच म्हणजे ७८७ मिमी, त्याचा पाव १९७. तुम्हाला २०० हवेत. चाक १०० मिमी वर गेलं की ५३०चा बिंदू ६३० वर येतो, त्यावर किमान २० मिमी मोकळी जागा ठेवा. फ्लोअर आड येत असेल तर तेवढा कापा आणि वर पेटी बांधा. फ्लोअरचा पत्रा परत लावता येतो.

आता अँटी-स्क्वॉट. दोन्ही लिंक बाजूने पाहून पुढे वाढवा, जिथे मिळतील तो बिंदू घ्या. टायर जमिनीला टेकतो तिथून त्या बिंदूतून रेघ काढा आणि पुढच्या चाकाच्या रेषेवर तिची उंची मोजा. तिला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागलं की टक्का मिळतो. गुरुत्वमध्य ७०० मिमी धरू. खालची लिंक तुमच्याच मापाची, वरची हाऊसिंगवर ५३०, पुढे-मागे ६५०. मग वरच्या लिंकचं चासीचं भोक ५५० वर असेल तर सुमारे ७८ टक्के येतात, ५२५ वर १०० टक्के, ५०० वर १२१ टक्के. एका भोकात वीस-बावीस टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून चासीच्या ब्रॅकेटला २५ मिमी अंतराने तीन भोकं पाडा, सुरुवात ५५० पासून करा. शंभरच्या वर गेलात की चढावर गॅस दिल्यावर मागची बाजू उचलते, टायर जमिनीवर नाचतो आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) तुटतात. साठच्या खाली गेलात की मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात.

वरच्या लिंकचा कोन विसरू नका, पॅनहार्ड नाही म्हणजे हाऊसिंग आडवं तीच धरणार. दोघींमधला वरून दिसणारा कोन एकूण ४० अंश तरी हवा. ६५० लांबीत प्रत्येक बाजू २५० मिमी बाहेर गेली तर ४२ अंश मिळतात आणि लिंकची खरी लांबी, भोक ते भोक, ६९७ मिमी भरते. पाइपचा हिशोब त्या मापावरून करा, ६५० धरून केलात तर आखूड पडेल.

मिगवाला_भोसरी

पाइप आणि वेल्डचं मी सांगतो.

दुकानात जीआय पाइप पुढे करतील. तो घेऊ नका, जस्ताचा धूर विषारी आणि वेल्ड सच्छिद्र. सीमलेस घ्या. खालच्या लिंकला दीड इंची शेड्यूल १६०: बाहेरून ४८.३, जाडी ७.१४. ही लिंक खडकावर आपटणार, सगळं वजन तिच्यावर टेकणार. नुसतं दाबाचं गणित केलं तर पातळ पाइपही पुरतो, पण तो पहिल्याच दगडावर वाकतो आणि वाकलेली लिंक दाब सोसत नाही. वरच्या लिंकला सव्वा इंची शेड्यूल ८० पुरे: ४२.२, जाडी ४.८५.

टोकातले बंग (पाइपात बसणारे, आत आटे पाडलेले तुकडे) लेथवर काढून घ्या. खालच्या पाइपचा आतला व्यास ३४ येतो, वरच्याचा ३२.५. बंग पाइपमध्ये ४० मिमी तरी आत जाऊ दे, गोल वेल्डशिवाय पाइपला १२ मिमीची दोन भोकं पाडून तिथूनही भरून वेल्ड करा. बंग ईएन८चा (जास्त कार्बनच्या पोलादाचा) घेतलात तर वेल्डच्या आधी १५० ते २०० अंशांपर्यंत तापवा आणि नंतर सावकाश गार होऊ द्या. थंड ईएन८वर मारलेला वेल्ड वरून सुंदर दिसतो, पण त्याच्या कडेची पट्टी कडक होऊन महिन्याभरात चिरते. तापवायची सोय नसेल तर माइल्ड स्टीलचा बंग घ्या आणि आटे लांब ठेवा. एम२० रॉड एंडला किमान ३० मिमी आटे आत हवेत. एक टोक उजव्या आट्यांचं, दुसरं डाव्या आट्यांचं करा, म्हणजे लिंक न काढता लांबी फिरवता येते. चेक नट दोन्हीकडे.

आठही टोकांना रॉड एंड नकोत. लाल माती आणि पावसाळ्यातला चिखल त्यात शिरला की काही ट्रेलमध्ये खडखड सुरू होते आणि प्रत्येक धक्का थेट ब्रॅकेटवर बसतो. चासीच्या टोकाला फिरणारा जॉइंट आणि हाऊसिंगच्या टोकाला जाड रबर बुश, हा मेळ चांगला चालतो. दोन्ही टोकांना रबर मात्र नको. तिरक्या वरच्या लिंकचं रबर पिळलं जातं, हाऊसिंग पूर्ण मुरडत नाही आणि शेवटी बुश फाटतो.

ब्रॅकेट ६ मिमी प्लेटचे, दोन्ही बाजूंनी धरणारे. बोल्ट एम१६, १०.९ ग्रेड, आणि प्लेटच्या जागी बोल्टचा गुळगुळीत भाग आला पाहिजे. आटे प्लेटमध्ये आले तर ते भोकाला कानशीसारखे घासतात. भोक ड्रिलने १६.२च्या आत. गॅस कटरने पाडलेलं भोक कधीच गोल नसतं.

चासी पेटीची आणि पातळ आहे. तिच्यावर थेट ब्रॅकेट ठोकू नका. आधी ५ मिमीची मोठी प्लेट लावा, कोपरे गोल करा, मध्ये भोकं पाडून भरा. चासीच्या वरच्या-खालच्या बाजूवर आडवी वेल्डची रेघ मारायची नाही, चासी तिथूनच तुटते.

हाऊसिंगसाठी थोडा वेळ द्या. जिप्सीचं हाऊसिंग दाबाच्या पत्र्याचं आहे, त्यामुळे मिगने छान वेल्ड होतं, पण तितकंच पटकन वाकतं. वरच्या बाजूला ट्रस (मजबुतीची चौकट) वेल्ड केला की वेल्ड आकसतो, नळीची दोन्ही टोकं वर ओढली जातात आणि चाकांची डोकी आत झुकतात. म्हणून शाफ्ट, बेअरिंग, सील काढा, ऑइल काढून आतून धुवा, आणि गोळ्याच्या जागी जुनी रिकामी केसिंग सगळ्या बोल्टांनी आवळून ठेवा, म्हणजे तोंड सपाट राहील. आधी सगळीकडे टाके. मग २५-३० मिमीचा एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे, आणि हात लावता येईल इतकं गार झाल्यावरच पुढचा. दोन्ही फ्लँजना मीटरभर सरळ पट्ट्या बांधून पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं अंतर वेल्डच्या आधी लिहून ठेवा. नंतर २ मिमीहून जास्त फरक आला तर हाऊसिंग वाकलंय, ते आधी सरळ करून घ्या. बॅटरीची वायर काढा आणि वेल्डिंगची अर्थ वेल्डच्या अगदी जवळ लावा. दूर लावली तर करंट बेअरिंगमधून जातो.

घाटवाट१४

फार उपयोगी. २०० करतो, फ्लोअर कापतो. अजून दोन गोष्टी: स्प्रिंग किती कडक घेऊ? आणि ट्रेलपर्यंतचे १५-२० किलोमीटर कधीतरी रस्त्याने जावं लागलं तर गाडी सरळ राहील का?

लोखंडी_गणित

स्प्रिंग अंदाजाने घेऊ नका, वजनकाट्यावर फक्त मागची चाकं घ्या. समजा ५९० किलो आले. त्यातून हाऊसिंग, चाकं, ब्रेक यांचे १३० वजा करा, उरले ४६०, म्हणजे एका स्प्रिंगवर २३०. गाडी उभी असताना स्प्रिंग १२५ मिमी दबलेली हवी असेल तर १.८४ किलो प्रति मिमी, म्हणजे १८ न्यूटन प्रति मिमी. मागची बाजू मग सेकंदाला सुमारे १.४ वेळा हलते, खडकासाठी ती चांगली मऊ आहे. १५० किलो सामान मागे टाकलं तर ४० मिमी बसेल, तेवढं चालतं. शॉकअप २५० मिमी चालीचा घ्या: १०० वर, १५० खाली.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. स्प्रिंग दबलीय १२५ आणि चाक लोंबतं १५०. शेवटचे २५ मिमी स्प्रिंग सैल असते आणि बैठकीतून बाहेर पडते. दोन्ही टोकांना ती पट्टीने किंवा क्लॅम्पने धरलेली हवी. बंप स्टॉपर (चाकाचं वर जाणं अडवणारं रबर) शॉकअप पूर्ण दबायच्या आधी टेकला पाहिजे आणि लिमिट स्ट्रॅप (लोंबणं अडवणारा पट्टा) शॉकअप पूर्ण उघडायच्या आधी ताणला पाहिजे. नाहीतर शॉकअपचे डोळे तुटतात.

सडकसरळ

रस्त्याचं मी सांगतो, कारण वरच्या हिशोबात तो राहिलाय. तुमची खालची लिंक ८५० मध्ये ९० चढते, म्हणजे ६ अंश. वळणावर बाहेरचं चाक वर जातं तेव्हा ही लिंक आडवी होता होता चाकाला मागे ढकलते, आतलं चाक पुढे येतं, आणि मागचं हाऊसिंग स्वतःच वळतं. बॉडी ५ अंश कलली तर हाऊसिंग अर्धा अंश फिरतं, तेही मागची बाजू बाहेर जाईल अशा दिशेने. २३७५च्या आखूड गाडीला घाटातल्या वळणावर हे जाणवतं.

उपाय असा: खालच्या लिंकचं चासीचं टोक ४२० वरून ३७५ वर आणा आणि वरची लिंक सगळ्यात खालच्या ५०० च्या भोकात घाला. कोन ३ अंशांवर येतो, हाऊसिंगचं फिरणं निम्मं होतं आणि अँटी-स्क्वॉट ७३ टक्क्यांच्या आसपास राहतो. किंमत म्हणजे मधल्या भागात ४५ मिमी क्लिअरन्स कमी. माझं मत, ही अदलाबदल करावी. खालच्या ब्रॅकेटखाली तिरकी स्किड प्लेट लावली की तो दगडावरून घसरतो.

आणि नंबरप्लेटवर रस्त्यावर आणताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर त्यात बंधनं आहेत. विम्याच्या दाव्यातही हा प्रश्न येतो. ट्रकने नेताय तेच बरं.

क्रॉस_आणि_शाफ्ट

शाफ्टचं कुणी बोललं नाही. खालची लिंक चासीपाशी ४२० वर आणि वरची ५५०च्या भोकात धरली, तर दोन्ही चाकं १५० मिमी लोंबली की हाऊसिंग सुमारे २८ मिमी पुढे येतं आणि पिनियन २ अंश वर बघतो. १०० मिमी वर गेलं की पिनियन पावणेतीन अंश खाली जातो. साधा दोन क्रॉसचा शाफ्ट असेल तर गाडी सपाट उभी असताना पिनियन ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) आउटपुटला समांतर ठेवा. वरच्या लिंकचे आटे फिरवून ते जमतं. वरच्या लिंकचं भोक बदललं की पिनियन पुन्हा मोजायचा.

ब्रॅकेटना नुसते टाके असतानाच हे सगळं करून बघा. स्प्रिंग लावू नका. चासी चार घोड्यांवर ठेवा, हाऊसिंगखाली दोन जॅक घ्या. आधी दोन्ही बाजू पूर्ण वर, मग पूर्ण खाली, मग डावं वर उजवं खाली, मग उलट. प्रत्येक वेळी पाहा: रॉड एंड ब्रॅकेटच्या कडेला टेकतोय का, वरची लिंक सायलेन्सरला किंवा टाकीला लागतेय का, टायर शॉकअपला घासतोय का, ब्रेकचा होज ताणला जातोय का. होज १५० मिमी लोंबण्यासाठी मूळच्यापेक्षा लांब लागणार, आणि लोड बघून ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा नव्या उंचीला जुळवावा लागेल. शाफ्टवर खडूने खूण करा: सगळ्यात लांब स्थितीत स्प्लाइनचा (शाफ्टच्या सरकत्या दातेरी जोडाचा) तिसरा हिस्सा तरी आत हवा, सगळ्यात आखूड स्थितीत तळाला टेकायच्या आधी १५ मिमी मोकळे हवेत.

हाऊसिंग चासीशी काटकोनात आहे का ते ओळंब्याने तपासा. चासीच्या दोन्ही बाजूंच्या एकाच मूळ भोकातून आणि दोन्ही फ्लँजच्या मध्यातून ओळंबे सोडा, जमिनीवर खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत ३ मिमीच्या आत फरक असेल तरच पूर्ण वेल्ड.

रबर बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. चाक लोंबत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि चेक नट पुन्हा आवळा, आणि प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे सैल झालेला लांबूनच दिसेल.