अपघाताच्या सेटलमेंटमधून आधी कोणाचे पैसे, उपचार करणाऱ्याचे की पेशंटचे?

फिजिओ_शिकागो:
शिकागोच्या जवळ माझं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. कार अपघातातले पेशंट येतात, इन्शुरन्स नसतो, वकील सांगतो ट्रीटमेंट चालू ठेवा, केस सेटल झाली, म्हणजे समोरच्याच्या इन्शुरन्सकडून भरपाई ठरली, की त्यातूनच तुमचं बिल देऊ. मी चालू ठेवते आणि पैशांसाठी वर्ष-दीड वर्ष थांबते. गेल्या वर्षी एका पेशंटची २८ सेशन्स केली आणि सेटलमेंट होऊन दोन महिने झाल्यावर कळलं की पैसे वाटूनही झाले, मला एक डॉलर नाही. वकील म्हणतो पेशंटशी बोला, पेशंट फोन उचलत नाही. माझं मत असं की ज्याच्या उपचारांचे रिपोर्ट दाखवून ती रक्कम मिळाली त्याचं बिल आधी फिटलंच पाहिजे. माझ्या स्टाफचा पगार कुठल्या केससाठी थांबत नाही.

साताऱ्याचा_लेक:
अजिबात पटलं नाही. माझे बाबा इथे आले असताना रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं, मांडीचं हाड मोडलं. व्हिजिटर इन्शुरन्स पन्नास हजार डॉलरचा, बिल त्याच्या दुपटीहून जास्त. गाडीवाल्याची पॉलिसी इलिनॉय राज्यातली (शिकागो त्यातच) किमान, म्हणजे एका माणसामागे २५,००० डॉलर. वकिलाचे ३०% म्हणजे ७,५००, हॉस्पिटल आणि डॉक्टरांच्या लीनचे, म्हणजे सेटलमेंटवरच्या त्यांच्या हक्काचे, ४०% म्हणजे १०,०००, राहिले ७,५००, त्यातून वकिलाचा किरकोळ खर्च वजा. हाड कोणाचं मोडलं आणि पैसे कोणाला गेले बघा. ७१ वर्षांचा माणूस अजून काठी घेऊन चालतो. आणि वर तुम्ही म्हणता आधी आम्हाला द्या.

बिलिंगवाली_मावशी:
ज्यांना लीन माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे बँक एफडीवर लीन मार्क करते ना, तसाच सेटलमेंटच्या पैशावर हक्क नोंदवायचा. इलिनॉयचा कायदा २००३ पासून आहे. सगळे लीन मिळून ४०% च्या वर जात नाहीत, आणि तिथपर्यंत पोचले तर हॉस्पिटलांना मिळून २०, डॉक्टर-थेरपिस्टना मिळून २०, वकिलालाही ३० च्या वर नाही. पण फिजिओताई, लीनची नोटीस तुम्ही पाठवली होती का? पेशंटला आणि ज्याच्यावर दावा आहे त्यालाही, दोघांना, सर्टिफाइड मेलने किंवा हातोहात, अपघाताची तारीख, नावं, पत्ते सगळं घालून. वकिलाच्या फोनवरच्या शब्दावर मी एकही पेशंट घेऊ देत नाही, मग तो वकील कितीही ओळखीचा असो.

फिजिओ_शिकागो:
नाही पाठवली. वकिलाचं ईमेल होतं तेवढ्यावर विसंबले, ही माझी चूक आहेच. पण म्हणून माझं काम फुकट ठरत नाही. आणि साताऱ्याचे दादा, बाबांचं वाचून खरंच वाईट वाटलं, पण हॉस्पिटलच्या बिलाचा राग माझ्यावर का? त्या थेरपिस्टवाल्या २०% मध्ये सर्जन, रेडिओलॉजिस्ट, मी, सगळे आलो, माझ्या वाट्याला काय येत असेल विचार करा.

साताऱ्याचा_लेक:
राग तुमच्यावर नाही, नियमावर आहे. ४०% घेतल्यावर विषय संपतो असं वाटलं होतं, तसं नाहीये, उरलेलं बिल माफ होत नाही, त्याच कायद्यात लिहिलंय की बाकीची वसुली करता येते. बाबा परत गेले तरी माझ्या पत्त्यावर कलेक्शनची, म्हणजे थकलेलं बिल वसूल करणाऱ्यांची, पत्रं येतात. आई फोनवर विचारते, आपल्याला काही होणार नाही ना रे.

नेपरव्हिलकर:
माझा आक्षेप वेगळा आहे. माझ्याकडे चांगला हेल्थ इन्शुरन्स होता तरी हॉस्पिटलने आधी तिकडे बिल पाठवलंच नाही, लीन लावला, कारण इन्शुरन्सचा ठरलेला दर कमी आणि लीनवर पूर्ण छापील दर मागता येतो. हे मला चुकीचं वाटतं. इन्शुरन्स असेल तर आधी त्यालाच बिल करणं सक्तीचं हवं, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी थांबलेल्या छोट्या क्लिनिकला लीनमधून मिळावं. ताई म्हणतात ते मला तेवढ्यापुरतं मान्य आहे.

फिजिओ_शिकागो:
ही अट मला चालेल, मी आजही कार्ड असेल तर आधी इन्शुरन्सलाच बिल करते. पण लीन मिळाल्यावर उरलेलं मी सोडून द्यावं असं कोणी म्हणत असेल तर ते नाही जमणार. दादा, पत्रं कलेक्शनवाल्यांची असली तरी हॉस्पिटलच्या फायनान्शियल असिस्टन्सचा, म्हणजे बिलात सवलत मागण्याचा, अर्ज भरलात का?

साताऱ्याचा_लेक:
नाही, कोणी सांगितलंच नाही. उद्या फोन करतो.