मेनफ्रेमच्या दालनातली बाकीची कपाटे नेमके काय करत होती?

यंत्रवेध (धागाकर्ता)

नमस्कार. सध्या मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचे काम करणाऱ्या अवाढव्य संगणकांच्या इतिहासाविषयी वाचतो आहे आणि एक गोष्ट सारखी खटकते. बहुतेक लेखांतली कथा प्रोसेसरची असते: निर्वात नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, त्यांच्या जागी चिप आल्या, गणनेचा वेग इतक्या पटींनी वाढला. पण त्याच लेखांसोबत छापलेली १९६०च्या दशकातली छायाचित्रे पाहिली, तर प्रोसेसरचे कपाट एका कडेला उभे असते आणि उरलेले दालन टेप ड्राइव्ह, कार्ड वाचणारी यंत्रे, प्रिंटर, डिस्कच्या पेट्या आणि लेखात ज्यांचा उल्लेखही नसतो अशा बिनचेहऱ्याच्या कपाटांनी भरलेले असते.

मला पडलेले प्रश्न असे. ही साधने प्रोसेसरला नुसती जोडलेली होती, की त्यांच्यामुळेच मेनफ्रेमची रचना तशी घडली? आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेतल्या मॉडेल ३० च्या प्रोसेसरमधून एका वेळी ८ बिटच जात असत. तरीही त्यावर मोठ्या कचेऱ्यांचे हिशेब कसे होत? आणि आयबीएमच्याच ७०९० सारख्या बलाढ्य वैज्ञानिक संगणकाच्या जोडीला १४०१ हा धाकटा संगणक अनेक ठिकाणी का ठेवत असत?

निर्वातस्तंभ

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या दोन्हींचे मूळ त्यात आहे.

१४०१ सोबत १९५९ मध्ये आलेला १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापत असे. त्या काळासाठी हा वेग विलक्षण होता. अक्षरे कोरलेली एक साखळी कागदासमोरून आडवी धावत असे आणि हवे ते अक्षर योग्य स्तंभासमोर आले, की कागदामागचा हातोडा त्या क्षणी त्यावर आदळत असे. १३२ स्तंभांसाठी १३२ हातोडे होते. तरीही हिशेब करून पाहा. मिनिटाला ६०० ओळी म्हणजे एका ओळीला सेकंदाचा दहावा भाग. ७०९० चे स्मृतिचक्र (मेमरीतून एकदा वाचण्या-लिहिण्याला लागणारा वेळ) २.१८ मायक्रोसेकंदांचे होते, म्हणजे एक ओळ छापून होईपर्यंत त्याची सुमारे ४५ हजार स्मृतिचक्रे होऊन जात. इतक्या महागड्या यंत्राला प्रिंटरसमोर ताटकळत ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

म्हणून कामाची विभागणी झाली. कार्डांचे गठ्ठे १४०१ वाचत असे (त्याचे १४०२ हे यंत्र मिनिटाला ८०० कार्डे वाचू शके) आणि टेपवर उतरवत असे. ती टेप ऑपरेटर उचलून ७०९० च्या ड्राइव्हवर चढवी, ७०९० टेपवरून वाचून टेपवरच उत्तर लिही, आणि ती दुसरी टेप पुन्हा १४०१ कडे छपाईसाठी येई. मोठ्या यंत्राचा संबंध अशा रीतीने मुख्यतः टेपशीच राहिला. त्या वेळच्या ७२९ टेप ड्राइव्हचे वेगवान प्रकार सेकंदाला ६० हजारांहून अधिक अक्षरे देत, तर कार्डवाचकाकडून सेकंदाला जेमतेम हजार अक्षरे मिळत. पुढे हीच विभागणी एकाच यंत्राच्या आत, डिस्कच्या आधाराने आणि सॉफ्टवेअरच्या साहाय्याने होऊ लागली. स्पूलिंग म्हणतात ते हेच.

टेपविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. टेपची रिळे जड असतात आणि ती काही मिलिसेकंदांत सुरू किंवा बंद होऊ शकत नाहीत, पण वाचनशीर्षाखालची टेप तशी थांबावी आणि सुटावी लागते. आयबीएमने १९५२ मध्ये ७०१ संगणकासोबत आणलेल्या ७२६ ड्राइव्हमध्ये यावर निर्वात स्तंभांचा उपाय केला. रिळ आणि शीर्ष यांच्यामध्ये टेपचा एक सैल झोळ उभ्या नळकांड्यात हवेच्या दाबाने ओढून धरलेला असे. शीर्षाखालची टेप झटक्याने हलली, तर आधी तो झोळ लहानमोठा होई आणि रिळाला सावकाश वेग घेण्यास अवधी मिळे. जुन्या चित्रफितींत रिळे मध्येच गचके देत फिरताना दिसतात, ते याच कारणाने.

थांबण्या-सुटण्याला जागाही लागते. नऊ मार्गांच्या, इंचाला १६०० अक्षरे मावणाऱ्या टेपवर दोन गटांमध्ये ०.६ इंच रिकामे सोडावे लागत. ८० अक्षरांच्या एका कार्डाची नोंद तिथे ०.०५ इंचात मावते. प्रत्येक नोंद सुटी लिहिली, तर टेपचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कोराच राहील. अशा पन्नास नोंदी एकत्र बांधून लिहिल्या, की गट २.५ इंचांचा होतो आणि टेपचा सुमारे ८० टक्के भाग कामी येतो. मेनफ्रेमच्या प्रोग्रामरला फाइलचा ब्लॉक किती मोठा ठेवायचा याचा विचार करावा लागे, त्यामागे टेपचे हे यांत्रिक वास्तव होते. आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे निःसंदिग्ध उत्तर म्हणूनच ‘होय, साधनांमुळेच रचना तशी घडली’ असे आहे.

चक्रगती

वरील प्रतिसादाला जोडून चॅनेलविषयी, म्हणजे साधनांशी होणारी माहितीची ने-आण प्रोसेसरऐवजी सांभाळणाऱ्या यंत्रणेविषयी लिहितो, कारण माझ्या मते मेनफ्रेमला मेनफ्रेमपण कशाने आले असेल तर ते चॅनेलने.

सुरुवातीच्या यंत्रांत प्रत्येक शब्द आत घेण्यासाठी वा बाहेर पाठवण्यासाठी प्रोसेसरलाच आज्ञा द्यावी लागत असे. आयबीएमच्या ७०९ मध्ये, म्हणजे १९५० चे दशक संपता संपता, हे काम स्वतंत्र चॅनेलकडे गेले आणि सिस्टिम/३६० ने (घोषणा ७ एप्रिल १९६४) ते सबंध मालिकेसाठी एकसारखे करून टाकले. प्रोसेसर मेमरीत आठ-आठ बाइटांच्या आज्ञांची एक यादी तयार ठेवतो. प्रत्येक आज्ञेत काय करायचे, मेमरीत कोणत्या पत्त्यावर, किती बाइट, आणि पुढची आज्ञा याच कामाचा भाग आहे का, एवढे लिहिलेले असते. मग ‘सुरू कर’ अशी एक सूचना देऊन प्रोसेसर दुसऱ्या कामाला लागतो. चॅनेल ती यादी स्वतः वाचतो, माहितीची ने-आण थेट मेमरीशी करतो आणि काम संपल्यावर इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत, देऊन कळवतो.

चॅनेल दोन तऱ्हेचे होते. कार्डवाचक, प्रिंटर, टर्मिनल अशा मंद साधनांची बाइटे आलटून पालटून घेणारा मल्टिप्लेक्सर. आणि टेप किंवा डिस्कसारख्या वेगवान साधनाला एका वेळी पूर्णपणे वाहिलेला सिलेक्टर. मॉडेल ६५ किंवा ७५ मध्ये चॅनेल हीच स्वतंत्र कपाटे होती. मॉडेल ३० मध्ये मात्र मल्टिप्लेक्सरसाठी वेगळी यंत्रणा परवडणारी नव्हती, म्हणून प्रोसेसरचेच परिपथ आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, आज्ञा राबवणारा प्रोग्राम) मधूनमधून थोडा वेळ उसने घेऊन ते काम उरकले जाई. प्रोग्राम लिहिणाऱ्याला यांतला फरक जाणवत नसे, आणि हे मला त्या रचनेतले खरे कसब वाटते.

बिनचेहऱ्याची कपाटे म्हणता त्यांतली बरीचशी नियंत्रक होती, म्हणजे चॅनेल आणि साधन यांच्यामध्ये बसून साधन चालवणारी. २८२१ हा नियंत्रक १४०३ प्रिंटर आणि २५४० कार्डयंत्र सांभाळत असे. छापायची पूर्ण ओळ तो आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, घेऊन ठेवी आणि कोणता हातोडा कधी सोडायचा ते पाही. टेपसाठी २८०३, २३११ डिस्कसाठी २८४१. जमिनीखालून जाणाऱ्या जाड केबलींच्या जोडीने हे नियंत्रक एकामागून एक गुंफलेले असत, एका चॅनेलवर जास्तीत जास्त आठ. केबलीच्या लांबीलाही सुमारे २०० फुटांची मर्यादा होती. दालनाखाली पोकळ, उचलता येणारी जमीन असे ती बऱ्याच अंशी या केबलींसाठी आणि थंड हवेसाठी.

मॉडेल ३० चे कोडे यातून सुटावे. पगारपत्रक किंवा खातेवही अद्ययावत करणे यात गणित थोडे आणि वाचणे-लिहिणे फार. अशा कामात ८ बिटांच्या अरुंद वाटेने होणारा विलंब साधनांच्या विलंबात झाकून जातो.

सुसंगत

चर्चा उत्तम चालली आहे, पण चॅनेलला सगळे श्रेय देणे मला पटत नाही. चॅनेल ७०९ आणि ७०९० मध्येही होतेच, आणि बरोज, युनिव्हॅक, कंट्रोल डेटा यांच्या यंत्रांतही माहितीची ने-आण प्रोसेसरपासून वेगळी काढण्याच्या चांगल्या योजना होत्या. सिस्टिम/३६० चे वेगळेपण असे, की लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम मोठ्या यंत्रावर जसाच्या तसा चालावा हे आधी ठरले आणि यंत्रे मागाहून आखली गेली. तिचे रचनाकार जीन अॅम्डाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेड ब्रुक्स यांनी आज्ञासंच (प्रोग्रामला वापरता येणाऱ्या आज्ञांची यादी) आणि तो राबवणारे यंत्र यांची स्पष्ट फारकत केली. मॉडेल ३० वर १४०१ चे जुने प्रोग्राम अनुकरणाने चालवता येत, ही सोय तर ग्राहकांना इतकी हवी होती की हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने १९६३ मध्येच आपल्या २०० या संगणकाने १४०१ चे ग्राहक ओढायला सुरुवात केली होती. आयबीएमला धाक होता तो याचा.

चक्रगती

@सुसंगत, आपला मुद्दा मान्य आहे, पण सुसंगती फक्त आज्ञासंचाची नव्हती एवढेच त्यात जोडतो. चॅनेल आणि नियंत्रक यांच्यामधला जोड सगळ्या मॉडेलांत एकच होता, म्हणून प्रोसेसर बदलला तरी टेप, प्रिंटर आणि डिस्क तशाच राहू शकत. तोच जोड उघडा पडल्यावर टेलेक्स, मेमोरेक्स यांसारख्या कंपन्यांनी आयबीएमच्या चॅनेलला लागणारी आपली साधने विकायला काढली. स्वतः अॅम्डाल यांनी वेगळी कंपनी काढून १९७५ मध्ये ४७०व्ही/६ हा संगणक आणला, तेव्हा उलट बाजूने तेच घडले: साधने आयबीएमची, प्रोसेसर दुसऱ्याचा.

यंत्रवेध

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. डिस्कविषयी फारसे आले नाही. आणि विजेचे व थंडाव्याचे काय? काही छायाचित्रांत पाण्याचे नळही दिसतात.

निर्वातस्तंभ

डिस्कचे थोडक्यात सांगतो. १९५६ च्या आयबीएमच्या रॅमॅक संगणकातील ३५० या डिस्क एककात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्यांत मिळून ५० लाख अक्षरे मावत. वाचनशीर्षांचा हात एकच. तो आधी बाहेर येऊन वरखाली सरके आणि मग हव्या त्या तबकडीत शिरे, त्यामुळे सरासरी ६०० मिलिसेकंद जात. १९६१ च्या १३०१ मध्ये प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःचे शीर्ष मिळाले आणि वरखाली होणे संपले. १९६२ च्या १३११ पासून तबकड्यांचा संच काढून कपाटात ठेवता येऊ लागला. सिस्टिम/३६० च्या २३११ मध्ये अशा एका संचात ७.२५ मेगाबाइट, तर २३१४ मध्ये २९ मेगाबाइट मावत.

यातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग असा. या डिस्कवर प्रत्येक नोंदीपुढे तिची किल्ली, म्हणजे ती ओळखण्याची खूण, लिहिता येत असे, आणि ‘या किल्लीची नोंद शोध’ ही आज्ञा चॅनेल व नियंत्रक मिळून तबकडी फिरत असतानाच पार पाडत. मेमरी महाग होती, अनुक्रमणिका तीत ठेवणे परवडत नव्हते, म्हणून शोधण्याचे ओझे डिस्कवर टाकले. पण २३१४ ची तबकडी एका फेरीला २५ मिलिसेकंद घेई आणि शोध चालू असेपर्यंत सिलेक्टर चॅनेल अडकून पडे. त्या वेळात इतर सात ड्राइव्ह त्याच चॅनेलची वाट पाहत. १९७० च्या ३३३० या डिस्कमध्ये तबकडी कोणत्या कोनात आहे हे साधनालाच कळू लागले, त्यामुळे नोंद जवळ येईपर्यंत चॅनेल सोडून देता येऊ लागला, आणि नव्या ब्लॉक मल्टिप्लेक्सर चॅनेलवर अनेक डिस्क खऱ्या अर्थाने एकत्र नांदू लागल्या. नुसत्या साठवणक्षमतेच्या वाढीपेक्षा हा बदल मला मोठा वाटतो.

उष्मांक

विजेचे मी सांगतो. मॉडेल ९१, ३७०/१६८ अशा मोठ्या यंत्रांना मोटर-जनरेटर संच लागत. बाहेरून येणाऱ्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या विजेवर मोटर फिरे आणि तिला जोडलेले जनित्र सुमारे ४०० हर्ट्झची वीज देई. वारंवारता जास्त असली, की ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि एकदिश प्रवाह गुळगुळीत करायला कपॅसिटरही कमी लागतात. फिरत्या वस्तुमानामुळे क्षणभराची वीज-घट यंत्रापर्यंत पोहोचतच नसे, हा लाभ वेगळाच.

पाणी लागले ते उष्णतेमुळे. त्या काळच्या द्विध्रुवी ट्रान्झिस्टरांचे जलद परिपथ काही काम नसतानाही वीज खात. आयबीएमच्या १९८० च्या ३०८१ या मेनफ्रेममध्ये शंभराच्या घरातल्या चिप एकाच सिरॅमिक पाटीवर बसवून प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला एक धातूचा दट्ट्या ठेवलेला असे. आतली पोकळी हेलियमने भरलेली, कारण तो हवेपेक्षा कितीतरी चांगला उष्णतावाहक आहे, आणि बाहेरून थंड पाणी खेळवलेले. अॅम्डाल यांच्या ४७०व्ही/६ ने मात्र प्रत्येक चिपला धातूच्या चकत्यांची टोपी घालून नुसत्या हवेवर निभावले होते, म्हणून पाणी अपरिहार्यच होते असे सरसकट म्हणता येणार नाही.

१९९४ पासून आयबीएमने मेनफ्रेमचे प्रोसेसर सीमॉस या कमी वीज खाणाऱ्या चिप-तंत्राने बनवायला घेतले. पहिली सीमॉस यंत्रे आधीच्या द्विध्रुवी यंत्रांपेक्षा संथ होती, पण वीज इतकी कमी घेत की त्यांना पाण्याचे नळ लागेनात, आणि काही वर्षांतच वेगाची उणीवही भरून निघाली. जाड तांब्याच्या केबलींच्या जागी १९९० पासूनच एस्कॉन हा प्रकाशतंतूंचा जोड येऊ लागला होता, त्यामुळे २०० फुटांची मर्यादाही उरली नाही. चॅनेल, त्याची आज्ञांची यादी आणि नियंत्रक ही कल्पना मात्र सध्याच्या मेनफ्रेममध्येही तीच आहे. डिस्कचे तर असे, की १९८९ च्या ३३९० ड्राइव्हची मोजमापे, म्हणजे एका मार्गावर (तबकडीवरच्या एका वर्तुळावर) ५६,६६४ बाइट आणि एका सिलिंडरमध्ये (वेगवेगळ्या पृष्ठभागांवरच्या एकाखाली एक मार्गांच्या संचात) १५ मार्ग, आजची साठवण यंत्रणा अजूनही जशीच्या तशी दाखवते आणि फाइलसाठी जागा मागताना सिलिंडरच मोजले जातात, जरी आत फिरणारी तबकडी एकही नसली तरी.