गिगाबिट पोर्ट असूनही लिंक १०० एमबीपीएसवरच अडते : मदत हवी आहे

नमस्कार. घरी ३०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन असून राउटर आणि डेस्कटॉप या दोन्हींचे लॅन पोर्ट (नेटवर्क केबल जोडायच्या खाचा) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत. तरीही विंडोजमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसतो आणि प्रत्यक्ष वेग ९४ च्या पुढे जात नाही. राउटरसोबत आलेल्या छोट्या केबलने जोडल्यास लिंक लगेच १००० वर जाते, म्हणून संशय भिंतीतून नेलेल्या जुन्या केबलवर आहे. तिचा प्लग उजेडात धरून पाहिला, तेव्हा आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडीतली एक तार टोकापर्यंत पोचलेलीच दिसली नाही. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. भिंत फोडण्याची माझी मुळीच इच्छा नाही. नवा प्लग क्रिंप करून (तारांवर दाबून बसवून) भागेल, की केबलवर ‘कॅट ५’ (केबलचा जुना दर्जा) छापलेले असल्याने ती बदलावीच लागेल? जाणकारांनी कृपया सांगावे.