कोकोचं बी डीप फ्रीझरमध्ये टिकेल का? आणि झाडाचं वर्णन कसं लिहायचं?

माटुंग्याची_बाग:
नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका कॉलेजच्या बागेत कोकोची ४ झाडं आहेत. पाट्या पुसल्यात, जुन्या वहीत फक्त 'ॲमेझॉनचं रानटी वाण' एवढीच नोंद. बांधकामामुळे झाडं तुटू शकतात. बी वाळवून डीप फ्रीझरमध्ये ठेवलं तर वाण वाचेल का? आणि वर्णनासाठी काय काय मोजायचं?

खुंट_आणि_डोळा:
नाही, बी मरेल. भाताचं बी वाळलं की निद्रेत जातं, कोकोचं तसं नाही. ते फळातून निघतानाच रुजायच्या बेतात असतं. वाळवलं की मरतं, आणि साध्या फ्रिजचा गारठाही त्याला सोसत नाही. म्हणून तर त्रिनिदादमध्ये किंवा कोस्टा रिकातल्या तुरियाल्बाला कोकोचा संग्रह उभ्या झाडांच्या रूपात सांभाळतात.

शिवाय बी पेरून तेच झाड मिळणार नाही. रानटी कोकोची बहुतेक झाडं स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत, म्हणजे बियांचा बाप शेजारचं झाड. वाण राखायचा तर डोळा भरा, म्हणजे त्या झाडाची कळी सालीसकट काढून दुसऱ्या रोपावर (खुंटावर) बसवा. निवडलेल्या फांदीची पानं देठ ठेवून कापा. साधारण १० दिवसांत देठ गळतात, डोळे फुगतात, तेव्हा फांदी उतरवा. खुंटाच्या सालीवर सुमारे २.५ सेंमी लांब, अर्धा सेंमी रुंद खिडकी काढून तेवढ्याच मापाचा डोळा बसवा आणि पॉलिथिनच्या पट्टीने घट्ट बांधा. ३ आठवड्यांनी पट्टी सोडा. सालीत पाणी शिरलं की डोळा कुजतो, तेव्हा मुसळधार पावसात हे काम नको. आडव्या फांदीचा डोळा पसरट झुडूप देतो, सरळ फुटव्याचा डोळा उभं झाड. कुठला घेतला ते लिहून ठेवा. प्रत्येक झाडाची कलमं दोन वेगळ्या जागी लावा, एकाच बागेत सगळी नकोत.

माप_वही:
वर्णनासाठी प्रत्येक झाडाची १० फुलं आणि १० पिकलेली निरोगी फळं घ्या. फुलं सकाळी, उमललेली ताजी. देठ, निदलं आणि वांझ पुंकेसर यांवर लाल-जांभळी छटा किती, आणि एका अंडाशयात बीजांडं किती, ते नोंदवा. फळाची लांबी-रुंदी, टोकाचा आकार, देठाशी असलेली खाच, साल खडबडीत की गुळगुळीत, सालीची जाडी. रंग मात्र कच्च्या फळाचाही लिहा: हिरवं पिकून पिवळं होतं, लाल पिकून नारिंगी, त्यामुळे नुसत्या पिकलेल्या फळावरून अंदाज चुकतो.

बियांचा आतला रंग एकेका बीचा वेगळा नोंदवा. साल आईच्या ऊतींची, पण बीजदलं बापाचीही, म्हणून एकाच फळात फिकी आणि जांभळी बी सापडते. वाळलेलं बी सोलून तोला. एका फळात सरासरी ४० बिया आणि वाळल्या बीचं वजन १ ग्रॅम असेल, तर १ किलोला २५ फळं लागतात. हा आकडा वाण तुलनेला फार कामाचा.

नदीकाठचा_कोको:
'रानटी' शब्दावर विसंबू नका. १९३७-३८ मध्ये कोको संशोधक एफ. जे. पाउंड यांनी पेरू-इक्वेडोरमधून आणलेल्या झाडांच्या नावांत जागा दडलेली असते: आयएमसी हा कोड म्हणजे पेरूतल्या इकितोस शहराकडचं, नानाय ही तिथली नदी. असा कोड किंवा जागा नसेल तर नोंदीत 'मूळ अज्ञात' लिहा, अंदाजाने नाव चिकटवू नका. संग्रहांमध्ये चुकीच्या पाट्या ही जुनी दुखणी आहेत. कलम मरतं, खालून खुंटाचा फुटवा वाढतो आणि पाटी तशीच राहते. म्हणून आधी बुंध्याशी कलमाचा सांधा शोधा आणि डीएनए तपासणीचं पान सांध्याच्या वरचंच घ्या.

माटुंग्याची_बाग:
धन्यवाद. २ झाडांना सांधा दिसतोय. पावसाळ्यात काळी पडलेली फळं मापांत धरायची का?

माप_वही:
मापांत नाही, पण झाडागणिक एकूण फळांत किती काळी पडली ते मोजा. त्यामागे बहुधा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू असतो. काळी फळं लगेच काढून लांब पुरा. झाडावर राहिली तर पावसाच्या शिंतोड्यांनी शेजारच्या फळांनाही लागण होते.