भरल्या घरातले नैराश्य
मुले पुण्या-बंगळुरूला गेली की म्हातारपणी नैराश्य येणारच, असे नेहमी म्हटले जाते. ते मला अर्धेच खरे वाटते. जोडीदाराचा मृत्यू आणि एकटेपणा ही मोठी कारणे आहेतच, परंतु पूर्वी कधी येऊन गेलेले नैराश्य, पक्षाघात, पार्किन्सन, मधुमेह, सततच्या वेदना, मोडलेली झोप आणि कमी होत जाणारे ऐकू येणे यांनीही धोका वाढतो. नागपूरच्या महाल भागातील आमच्या मोठ्या काकू भरल्या घरात राहत होत्या. ऐकू येईनासे झाल्यावर त्यांनी आधी भजनी मंडळ सोडले, मग पंगतीत बोलणे सोडले, आणि उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत तर आमचे एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. आम्ही मात्र ‘वय झाले’ म्हणून मोकळे झालो.

या वयात उदासी क्वचितच बोलून दाखवली जाते. भूक मंदावणे, अंगदुखी, विसरभोळेपणा अशा तक्रारींआड ती दडते आणि निदान हुकते. २०१७-१८ च्या ‘लासी’ या भारतातील वृद्धत्वाविषयीच्या सर्वेक्षणात साठीपुढील सुमारे ८ टक्के लोकांत नैराश्याची शक्यता आढळली, तर तसे निदान झाल्याचे सांगणारे १ टक्काही नव्हते. नैराश्य ठरवण्याआधी थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी मात्र करून घ्यावी, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच मलूल दिसतो. बोलायचे असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.