पिच कमी करू, की आरपीएम कमी आहे तेच बरं?

पेडण्याचा_गडी
आम्ही तिघांनी मिळून एक जुनं दोन आसनी मायक्रोलाइट (छोटं, हलकं विमान) घेतलंय. ते घाटावरच्या एका धावपट्टीवर असतं, मी महिन्यातून दोनदा जातो. इंजिन रोटॅक्स ९१२, ८० हॉर्सपॉवर. प्रोपेलर तीन पात्यांचा, १.७० मीटर, जमिनीवर पिच, म्हणजे पात्यांचा कोन, बदलता येतो असा. आधीच्या मालकाने कोन किती ठेवला होता देव जाणे. ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल दिला की आरपीएमचा (मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ४९५० वर अडतो, वर सरळ उडताना ५२०० च्या पुढे जात नाही. दोघं बसलो की धावपट्टी संपत आली तरी चाकं सुटत नाहीत, पोटात गोळा येतो. एक भागीदार म्हणतो, आरपीएम कमी म्हणजे इंजिन जास्त टिकेल, हात लावू नको. दुसरा म्हणतो, मे महिन्याची हवा, दुसरं काही नाही. खरं कोणाचं?

मालीम_जेटी
विमानातलं मला कळत नाही, मी ट्रॉलरची इंजिनं करतो. पण पंखा तो पंखा. एका तांडेलाने वेग वाढेल म्हणून जास्त पिचचा पंखा बसवून घेतला. इंजिन फेऱ्यांवरच येईना, नुसता काळा धूर. याला आम्ही इंजिन दबतं म्हणतो. पंखा बदलला तेव्हा होडी पळाली.

वास्को_निवृत्त
मालीमवाल्यांनी नेमकं सांगितलं. नौदलात आयलंडर विमानांच्या प्रोपेलरवर माझी बरीच वर्षं गेली. तिथे गव्हर्नर स्वतः पात्यांचा कोन फिरवून आरपीएम धरून ठेवतो. तुझ्याकडे गव्हर्नर नाही, म्हणजे तो तूच, हातात पाना घेतलेला.

चोर्ले घाटात बाइक वरच्या गिअरला टाकून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दे, इंजिन कसं कण्हतं ऐक. आरपीएम कमीच असतो, म्हणून इंजिन सुखात असतं का? हे इंजिन फेऱ्यांसाठीच बनलंय: ५८०० फक्त ५ मिनिटं, ५५०० सतत. पूर्ण थ्रॉटल देऊन ५२०० च्या खाली दाबून चालवू नये, हे कंपनीचंही सांगणं आहे.

घाबरू नकोस, पातं काही ५८०० ने फिरत नाही. गिअरबॉक्स २.२७ ला १ आहे, म्हणजे प्रोपेलर साधारण २५५०. सेसना १५२ विमानाचं लायकमिंग इंजिन ११० हॉर्सपॉवर देतं तेही २५५० लाच, फक्त त्यासाठी त्याला ३.८ लिटरचं धूड लागतं. तुझं इंजिन १.२ लिटरचं. गिअरबॉक्स नसता तर तुझ्या पात्याचं टोक सेकंदाला ५१६ मीटरने गेलं असतं, आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पुढे. गोंगाट भरपूर आणि ओढ शून्य. गिअरबॉक्समुळे ५८०० लाही ते २२७ वरच राहतं, छान आहे.

मे महिन्याचं म्हणशील तर ३५ अंशाला हवा १५ अंशापेक्षा सहा-सात टक्के विरळ. इंजिनाची ताकद घटते, पण पात्यांना कापायची हवाही तेवढीच हलकी होते. आरपीएम जवळपास तिथेच राहतो. धाव लांबते ते खरं, पण ४९५० चं खापर उन्हावर फोडू नकोस.

आधी मात्र पॅनेलवरचा काटा खरा बोलतो का ते बघ. ऑप्टिकल टॅकोमीटर (प्रकाशाने फेरे मोजणारं यंत्र) आण. मग कोन एकेक अंशाने कमी कर. अंशाला दोनेकशे आरपीएमचा फरक पडतो, प्रोपेलरगणिक कमीजास्त. सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला ५५००-५६०० आला की थांब. कोन त्याहून कमी केलास तर काटा ५८०० ओलांडेल. आणि हे तुझ्या इंजिनिअरला सोबत घेऊनच, नोंद लॉगबुकात.

पेडण्याचा_गडी
काका, जाऊन आलो. ऑप्टिकल टॅकोमीटरने ६७२० दाखवले, मी हादरलोच. इंजिनिअर हसला: ते यंत्र तीन पाती मोजत होतं. तिनाने भागले, २२४०. गुणिले २.२७, म्हणजे खरे ५०९० च्या आसपास. पॅनेलचा काटा १४० ने खोटा!

डिजिटल कोनमापकाने पाती तपासली, हबपासून सारख्या अंतरावर. दोन जुळली, तिसरं ०.६ अंशाने वेगळं. सीटमधली ती थरथर आम्ही इतके दिवस इंजिनाच्या नावावर घालत होतो! तिन्ही सारखी केली, एक अंश कमी केला. आता उभ्याने ५३००, सरळ उड्डाणात ५५५०, दोन्ही खरे आकडे. दोघांना घेऊन पट्टीच्या बऱ्याच अलीकडे सुटलो. क्रूझला (वर स्थिर सरळ उडताना) वेग थोडा उतरला, त्यावरून भागीदार अजून कुरकुरतोय.

वास्को_निवृत्त
कुरकुरू दे. क्रूझला पाच मिनिटं उशीर चालतो, धावपट्टी मात्र वाढत नाही. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळलेस ना? पहिल्या उड्डाणानंतर परत तपासले का?

पेडण्याचा_गडी
टॉर्क रेंचनेच. परत तपासायचं राहिलं. शनिवारी जातोय.

वास्को_निवृत्त
मग शनिवारी आधी बोल्ट, उड्डाण नंतर.