एम-चॅटमध्ये ५ स्कोअर आला, म्हणजे ऑटिझम आहे का?

नाशिककर_आई:
लेक २० महिन्यांची आहे, बूस्टर राहिला होता तो द्यायला गेलो तर डॉक्टरांनी एम-चॅट म्हणून ऑटिझमच्या पहिल्या चाळणीचा हो/नाही वाला २० प्रश्नांचा फॉर्म भरायला दिला. मी बाहेर बाकावर बसून भरला, ही मांडीवर रडत होती, शेजारी अजून तीन-चार बाळं रडत होती. स्कोअर ५ आला. डॉक्टर म्हणाले डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनला, म्हणजे मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखवा, पण तिकडची अपॉइंटमेंट महिन्याभराने आहे. घरी सासूबाई म्हणतात तिचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, उगाच पोरीच्या मागे डॉक्टर लावू नका. मम्मा, पप्पा, भुभू एवढं बोलते. नावाने हाक मारली तर बरेचदा बघत नाही पण टीव्हीवर तिची आवडती जाहिरात लागली की आतल्या खोलीतून पळत येते. काही हवं असेल तर माझा हात धरून फ्रिजपाशी नेते. ५ म्हणजे नक्की काय समजायचं? आणि दोन वर्षांची होईपर्यंत थांबलं तर चालेल का? रात्री झोप लागत नाहीये हो.

ओपीडीतली_रेसिडेंट:
ताई, आधी हे सांगते की ५ म्हणजे निदान नाही. एम-चॅट १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, त्यात ० ते २ कमी धोका, ३ ते ७ मधला, ८ किंवा त्यापुढे जास्त. तुम्ही मधल्या गटात आहात आणि या गटासाठी त्याच टेस्टचा दुसरा भाग असतो, फॉलो-अप मुलाखत. ज्या उत्तरांना धोक्याचा गुण लागला तेवढेच प्रश्न परत खोलात जाऊन, उदाहरणं मागून विचारायचे. गर्दीच्या ओपीडीत हा भाग बरेचदा राहून जातो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरी चाळणी तिथेच लागते. मूल एखादी गोष्ट क्वचित कधीतरी करत असेल, एरवी नाही, तर उत्तर 'नाही' द्यायचं असतं, हे आयांना कुणी सांगतच नाही. त्यात एरवी 'नाही' ला गुण धरतात, पण २, ५ आणि १२ नंबरचे प्रश्न उलटे आहेत, तिथे 'हो' म्हटलं की गुण धरला जातो. त्यामुळे घाईत स्कोअर वर जातो तसा खालीही येतो.

फॉलो-अपनंतरही २ किंवा जास्त उत्तरं तशीच राहिली तर पुढे पाठवायचंच. २०१४ मध्ये अमेरिकेत याचा मोठा अभ्यास झाला होता, दोन्ही टप्प्यांत पॉझिटिव्ह राहिलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ऑटिझम निघाला, पण विकासात काही ना काही अडचण जवळजवळ ९५ टक्के मुलांमध्ये होती. म्हणून थांबू नका. डॉक्टरांना फोन करून फॉलो-अप करून घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

स्पीच_थेरपिस्ट_पुणे:
वरच्या ताईंशी सहमत. अजून एक, ऐकण्याची तपासणी करून घ्याच. टीव्हीच्या आवाजाला पळत येते म्हणजे कान ठीक, असं धरू नका, मोठा आवाज ऐकू येतो आणि बोलणं पुसट येतं अशी मुलं असतात, सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी असं होतं. जन्माच्या वेळची टेस्ट पास असली तरी आत्ताची वेगळी.

मला फ्रिजवाली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हात ओढून नेणं वेगळं आणि बोट दाखवून मग तुमच्या तोंडाकडे बघणं वेगळं. आणि त्याहून महत्त्वाचं, काही नको असताना नुसतं दाखवायला बोट करते का? खिडकीतून विमान दिसलं, गल्लीत गाय आली, की "बघ ना" म्हणून? उलटंही करून बघा, तुम्ही पंख्याकडे बोट करा आणि ती पंख्याकडे बघते की तुमच्या बोटाकडे ते बघा. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, क्लिनिकमध्ये मुलं वेगळीच वागतात. शब्द किती बोलते यापेक्षा हे सांगा डॉक्टरांना. आणि थेरपी सुरू करायला निदानाच्या लेबलची वाट बघावी लागत नाही.

सोलापूरचा_बाबा:
आमच्या मुलाचं असंच झालं होतं, त्याला ऑटिझम आहे, आता शाळेत जातो. वहिनी, खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिल हॉस्पिटलला डीईआयसी, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर बघणारं सरकारी केंद्र, आहे का विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून सुरू झालंय, तपासणी आणि थेरपी मोफत. आणि दिव्यांग सर्टिफिकेटसाठी ऑटिझम किती आहे ते मोजणारी ४० मुद्द्यांची इसा स्केल लावतात, ती ३ वर्षांच्या पुढे असते, त्यामुळे कुणी आत्ताच त्याची घाई करायला लावली तर मनावर घेऊ नका. आजीला अपॉइंटमेंटला बरोबर न्या, आमच्या आईने डॉक्टरांशी स्वतः बोलल्यावर तीच व्यायाम करून घ्यायला लागली.

नाशिककर_आई:
सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरांनी संध्याकाळी फोनवर प्रश्न परत घेतले, दोन उत्तरं बदलली, तीन तशीच राहिली. नुसतं दाखवायला बोट करतच नाही, आज दिवसभर लक्ष ठेवलं. कानाच्या टेस्टची तारीख मिळाली, बेरा करायचीय, त्यात झोपावं लागतं म्हणाले. ही दुपारची झोपतच नाही, कसं करू?

स्पीच_थेरपिस्ट_पुणे:
आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि जाताना गाडीत डुलकी काढू देऊ नका, तिथेच सगळं बिघडतं. औषध देऊन झोपवणार असतील तर आधी किती तास काही द्यायचं नाही ते सेंटरला विचारून घ्या. तिची रोजची गोधडी सोबत न्या.